वाऱ्यातलं विमान: ऋण उत्तराचा छडा

मागच्या नोंदीत पुणे–नागपूरचं उदाहरण अर्धवट सोडलं होतं: वारा वाहत असताना विमान सरळ नागपूरला पोचायला नाक कुठे धरायचं आणि वेळ किती लागेल? ते आता सुटलंय, आणि सुटताना त्यातून असं काही निघालं की पुढची सगळी गणितं मी वेगळ्याच आकृतीवर मांडायला लागलेय.

मांडणी तीच. ह म्हणजे हवेच्या सापेक्ष विमानाचा वेग, व म्हणजे वाऱ्याचा, ज म्हणजे जमिनीच्या सापेक्ष वेग. ज = ह + व. विमान सेसना १७२ या लहान विमानाच्या जातीचं, एअरस्पीड (म्हणजे ह चं परिमाण) ११० नॉट; नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल. लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते नागपूर सुमारे ३२६ नॉटिकल मैल, ट्रॅक, म्हणजे जमिनीवरच्या वाटेची दिशा, ०६२. दिशा सगळ्या अंशांत, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने. वारा पावसाळ्याला शोभेल असा, २७० वरून ३० नॉट, म्हणजे सदिशाचा बाण पूर्वेकडे. (पावसाळ्यात एवढ्या लांब सेसना न्यायला कोण धजावेल, हा प्रश्न कृपया बाजूला ठेवा.)

अकरावीतल्या नदी-होडीपेक्षा हे जड जातं ते एका कारणाने. ह चं परिमाण माहीत आहे, दिशा नाही. ज ची दिशा माहीत आहे, परिमाण नाही. दोन अज्ञातं दोन वेगळ्या सदिशांत, त्यामुळे सरळ बेरजेला बसता येत नाही. पूर्व-उत्तर अक्ष सोडून ट्रॅकलाच अक्ष धरला की मात्र गाठ सुटते. वाऱ्याचा ट्रॅकच्या दिशेचा घटक २६.५ नॉट, पाठीमागून. आडवा घटक १४.१, डावीकडून. ह चा आडवा घटक तेवढाच उलट हवा, म्हणून १४.१ भागिले ११० हा साइन, कोन ७.४ अंश. नाक डावीकडे, हेडिंग (नाकाची दिशा) ०५५. ग्राउंड स्पीड (ज चं परिमाण) १०९.१ अधिक २६.५, म्हणजे १३५.६ नॉट. वेळ २ तास २४ मिनिटं. वैमानिकांची ई६बी ही फिरती तबकडी, जी फिलिप डाल्टनने १९३० च्या दशकात अमेरिकेत घडवली, तीही हेच करते: तबकडी फिरवणं म्हणजे अक्ष फिरवणं.

इथे थांबता आलं असतं. पण तेच गणित कोन न वापरता, निव्वळ बीजगणिताने करून बघितलं. ग्राउंड स्पीड ग धरला, ट्रॅकच्या दिशेचा एकक सदिश घेतला, त्याच्या ग पटीतून व वजा केला आणि उरलेल्या सदिशाचं परिमाण ११० असलं पाहिजे अशी अट घातली. वर्गसमीकरण आलं:

ग² − ५३ग − ११,२०० = ०

मुळं १३५.६ आणि −८२.६. वेग ऋण कसा असेल, म्हणून दुसरं मूळ खोडायचं, ही आपली शाळेपासूनची सवय. मी ते खोडण्याआधी परतीचं गणित उघडलं. नागपूर–पुणे, ट्रॅक २४२, तोच वारा, आता समोरून २६.५. हेडिंग २४९, ग्राउंड स्पीड १०९.१ वजा २६.५, म्हणजे ८२.६!

योगायोग नाही. ह ची दिशा काहीही असली तरी परिमाण ११०, म्हणून ह ची टोकं ११० त्रिज्येच्या वर्तुळावर असतात. प्रत्येकात व मिळवला की अख्खं वर्तुळ ३० नॉट पूर्वेला सरकतं. म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या ज ची टोकं एकाच वर्तुळावर: केंद्र वाऱ्याच्या बाणाचं टोक, त्रिज्या एअरस्पीड. आरंभबिंदूतून ट्रॅकची रेषा काढली की ती वर्तुळाला दोनदा छेदते, एकदा नागपूरच्या बाजूला आणि एकदा पुण्याच्या.

मग दहावीतलं जीवांच्या अंतर्छेदनाचं प्रमेय आपोआप कामाला लागतं. आरंभबिंदूतून कुठलीही जीवा काढा, तिच्या दोन भागांचा गुणाकार एकच. म्हणजे जातानाचा आणि येतानाचा ग्राउंड स्पीड यांचा गुणाकार नेहमी ११०² − ३०², म्हणजे ११,२००, मग गाव कुठल्याही दिशेला असो. जाऊन-येऊन वेळ मात्र या जीवेच्या लांबीच्या प्रमाणात. वारा ट्रॅकला समांतर असेल तर जीवा म्हणजे व्यास, सर्वात वाईट. वारा पूर्ण आडवा असेल तर जीवा सर्वात लहान, पण तेव्हाही बिनवाऱ्याच्या दिवसापेक्षा वेळ जास्तच. आपल्या उदाहरणात परत यायला ३ तास ५७ मिनिटं, एकूण ६ तास २१. वारा नसता तर ५ तास ५६. जाताना मिळालेलं येताना फिटतं, हा समज इथे निकालात निघतो.

या वर्तुळाचा खरा उपयोग उलट्या गणितात. मित्राने सिम्युलेटरमध्ये वारा भरला आणि आकडे लपवले. मी एअरस्पीड स्थिर ठेवून तीन वेगवेगळ्या दिशांना सरळ उडाले आणि फक्त जीपीएसवरचा ट्रॅक आणि ग्राउंड स्पीड वाचला: ०३७ वर १२४ नॉट, १३८ वर ११२, २७६ वर ८३. ग्राफ पेपरवर १ सेंटिमीटरला १० नॉट धरून तीन बाण काढले, टोकं जोडून त्रिकोण केला, लंबदुभाजक काढले. परिकेंद्र आरंभबिंदूपासून २.४ सेंटिमीटरवर, ०७० च्या बाजूला. म्हणजे वारा २५० वरून २४ नॉट. मित्राने भरलेला नेमका तोच. त्रिज्या १०.५ सेंटिमीटर, म्हणजे खरा एअरस्पीड १०५. होकायंत्र लागलं नाही, एअरस्पीडचा काटा खरा दाखवतो की खोटा हेही बघावं लागलं नाही. तो हलला नाही एवढं पुरलं. तीन दिशा एकमेकींपासून लांब ठेवा, १२० अंशांच्या आसपास. जवळजवळच्या दिशा घेतल्या तर लंबदुभाजक जवळपास समांतर होतात आणि पेन्सिलच्या जाडीएवढी चूकही केंद्र भलतीकडे नेते.

वारा एअरस्पीडपेक्षा जास्त झाला आणि आरंभबिंदू वर्तुळाबाहेर गेला तर? सेसनाला ते सहसा होणार नाही, पण कामशेतच्या पॅराग्लायडरला होऊ शकतं. ग्लायडर ताशी ३८ किलोमीटर, वारा ४५. (अशा वाऱ्यात पंख जमिनीवरच बरा.) आता वर्तुळाला स्पर्शिका निघतात आणि वारा ज्या दिशेला वाहतो तिच्या दोन्ही बाजूंना सुमारे ५८ अंशांपलीकडचा ट्रॅक अशक्य होतो. वाऱ्याशी ३० अंशांचा ट्रॅक घेतला तर दोन्ही मुळं धन: सुमारे ७० आणि ८. एकच ट्रॅक, दोन हेडिंग, दोन वेग. ऋण मूळ नाही, म्हणजे परतीचा प्रवासही नाही.

पुढच्या नोंदीत उंचीनुसार बदलणारा वारा घेणार आहे. पावसाळ्यात खाली पश्चिमेचा आणि १४-१५ किलोमीटरवर पूर्वेचा जेट (वेगवान वाऱ्याचा पट्टा), म्हणजे चढताना वर्तुळ एका बाजूकडून दुसरीकडे सरकत जाणार. कुणी आधीच मांडून बघितलं असेल तर आकृती दाखवा.