तेलाची तिसरी पिशवी

शनिवार, रात्री साडेदहा

किराणाची यादी करताना तेलापाशी अडकले. मागच्या यादीत तीन पिशव्या होत्या आणि तिन्ही संपल्या. वजन उतरवायला रोजचं खाणं लिहिते त्या वहीत मात्र माझ्या नावावर रोजचं तेल तीन छोटे चमचे, पाच आठवडे, एकही दिवस न चुकवता. एकाच घरातल्या या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत.

एक लिटरच्या पिशवीत तेल भरतं ९१० ग्रॅम. तीन पिशव्यांचं २७३०. माणसं तीन, दिवस तीस, म्हणजे माणशी रोज ३० ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, तेव्हा २७०. वहीतले तीन छोटे चमचे साडेतेरा ग्रॅमचे, त्यांच्या १२०. देवघरातला दिवा, कढईला राहतं ते, तळून काळं झालेलं टाकून दिलं ते, हे सगळं वजा केलं तरी सव्वाशे कॅलरी रोज पोटात गेल्या आणि कागदावर आल्याच नाहीत.

मी खोटं लिहिलं नव्हतं. तेच राहून राहून टोचतंय. लाडू खाऊन लपवला असता तर चूक तरी सापडली असती. वन्सं परवा जे बोलल्या ते इथे लिहायचं नाही असं ठरवलंय. पण त्यांच्यासमोर मी ही वहीच पुढे केली होती, आणि वही चुकीची निघाली.

आता मुळापासून मांडते. वय ४६, उंची १५८ सेंमी, सुरुवातीचं वजन ७२. मिफ्लिन-सेंट जिओरचं सूत्र बायकांसाठी असं: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले सव्वासहा, उणे वय गुणिले ५, उणे १६१. माझं उत्तर १३१७. नुसतं पडून राहिलं तरी शरीर एवढ्या कॅलरी खर्च करतं. रोजची हालचाल धरायची तर त्याला १.३७५ ने गुणायचं, म्हणजे सुमारे १८१०. खायचं ठरवलं १४००. तूट ४१०. एक किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी, तेव्हा महिन्याला दीड किलोच्या थोडं वर उतरायला हवं होतं. पहिल्या दोन आठवड्यांत १.६ किलो उतरलंही. नंतर तीन आठवडे काटा जागचा हलला नाही.

ते पहिलं उतरणं बरंचसं पाण्याचं असणार. जेवण कमी झालं की यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा घटतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी जातं. तेव्हा मला वाटलं होतं, जमतंय. त्या आनंदाचं आता वाईट वाटतं.

खरी मोठी गळती घड्याळाची आहे. आठवड्यातून पाच दिवस तासभर झपझप चालते. हातातलं घड्याळ २४५ कॅलरी खर्च झाल्याचं दाखवतं, आणि तेवढं मी संध्याकाळी ‘कमावलं’ म्हणून खात आले, कधी मूठभर फुटाणे, कधी दोन बिस्किटं आणि साखरेचा चहा. यात दोन चुका आहेत. त्या २४५ मधल्या ७० कॅलरी तो तास खुर्चीत बसले असते तरी खर्च झाल्याच असत्या. चालण्याच्या अशा १७५. आणि दुसरी चूक जास्त वाईट. १३१७ ला १.३७५ ने गुणलं तेव्हाच हे चालणं हिशेबात आलं होतं. नुसतं बैठं काम असतं तर १.२ ने गुणायचं असतं. म्हणजे एकाच चालण्याचे पैसे दोनदा घेतले. पाच दिवसांचे २४५ सात दिवसांत वाटले की रोजच्या १७५.

शेंगदाण्याचा कूट तर वहीत कुठेच नाही. भाजीत, कोशिंबिरीत, आमटीत ‘थोडासा’ जातो. महिन्याला पाऊण किलो दाणे भाजले जातात. माणशी रोज ८ ग्रॅम, ४५ कॅलरी.

बेरीज करून टाकली. सव्वाशे, १७५ आणि ४५, एकूण ३४५. तूट ४१० ची, उरली ६५. वजन १.६ किलोने घटलं म्हणून शरीराचा खर्चही वीसेक कॅलरींनी घटला. उरल्या ४५. महिन्याला पावणेदोनशे ग्रॅम! एका दिवसात पाणी-मिठाने वजन किलोभर वरखाली होतं, त्यात हे कुठे दिसणार? लोणचं-पापड झालेल्या दुसऱ्या दिवशी मी काट्यावर उभी राहून रडवेली होत होते.

लिहिता लिहिता जरा शांत झालंय. शरीर अडून बसलं, चयापचय मंदावलं, वयच तसं, असं जे मनात धरून बसले होते त्यातलं काही नाही. चुकले ते चमचे. ‘चमचा’ म्हणून फोडणीला मी घेते तो पोह्यांचा, त्यात १० मिलि सहज मावतं. पोळीला आतून लावलेलं आणि वरून सोडलेलं तेल मी धरतच नव्हते. वहीत वाटी ‘शिजलेल्या भाताची’ लिहायचे आणि आकडा कधीकधी कच्च्या तांदळाचा. १०० ग्रॅम तांदळाच्या साडेतीनशे कॅलरी, तोच शिजून पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम होतो.

उपवासाचंही आजच पाहिलं. चतुर्थीला वहीत ‘हलकं’ एवढंच लिहिलंय. साबुदाणा ७५ ग्रॅम, कूट ३० ग्रॅम, तूप दोन चमचे, एक छोटा बटाटा: साडेपाचशे कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम आठ-नऊ ग्रॅम. प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या ३४० च्या. उपवास सोडणार नाही, त्याचं कारण माईंना माहीत आहे. खिचडीऐवजी भगर आणि ताक घेईन.

उद्यापासून खाणं आणखी कमी करायचं नाही. १२०० वर उतरले तर स्नायूही जातील. रविवारी सकाळी वेगळ्या बाटलीत ४६० मिलि तेल मोजून भरायचं. तिघांना माणशी रोज २० ग्रॅम, सात दिवस. पुढच्या रविवारपर्यंत तेवढंच. बाटली बुधवारी अर्ध्याखाली गेली तर बुधवारीच कळेल, महिनाअखेरीची वाट बघायला नको. पीठ आणि तांदूळ कच्चेच तोलायचे, एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. चालणं तेवढंच ठेवायचं, पण घड्याळाचा आकडा वहीत घ्यायचा नाही. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, पंधराचे तीन फेरे, आणि भिंतीला टेकून जोर. प्रथिनं ८० ग्रॅमच्या आसपास हवीत. अंडी दोन १२, सोयाबीन वड्या ३० ग्रॅम १५, मोडाच्या मटकीला कोरडी ५० ग्रॅम १२, दही दोन वाट्या आणि पनीर ५० ग्रॅम मिळून २० च्या आत, बाकी पोळी-वरणातून.

वजन रोज घ्यायचं, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, आणि बघायची फक्त सात दिवसांची सरासरी. सरासरी सरासरीशीच ताडायची, सोमवार मंगळवाराशी नाही. शिवाय टेप: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. बायकांना ८० सेंमीच्या आत हवं, माझं ९१. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांचं आणि लंडनच्या डॉ. युडकिनांचं २००४ चं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातलं छायाचित्र आठवतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपल्या हाडापेराला काटा पुरत नाही, हे तिथून पक्कं डोक्यात बसलंय.

प्रामाणिक मोजलं तर तूट तीनशेच्या आसपास राहील. महिन्याला किलोच्या जरा वर. आठ किलोंना सात-आठ महिने. परवापर्यंत हा आकडा अपमानासारखा वाटत होता. आज वाटत नाही. डॉक्टरांनी जे सांगितलंय त्याला एवढा वेळ आहे.

यादीत तेल दोन पिशव्या लिहिल्या. ह्यांनी विचारलं, तिसरी विसरलीस का? नाही म्हटलं. बाटलीवर ४६० ला मार्करने रेघ मारून ठेवलीय, पहिली फोडणी उद्याच्या पोह्यांची.