बाखनं गिटारसाठी लिहिलंच नाही, मग तुम्ही का वाजवता?

कार्यक्रमानंतर हा प्रश्न हमखास येतो. त्यालाच जोडून दुसराही येतो: मूळ रचनेवर हा अन्याय नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिलं विधान अगदी खरं आहे. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७५० मध्ये गेला आणि आजच्या क्लासिकल गिटारचा घाट स्पेनमध्ये आन्तोनियो दे तोरेस या गिटार बनवणाऱ्याच्या हातून बसला तो थेट एकोणिसाव्या शतकात. बाखच्या काळातली गिटार लहान आणि पाच जोडतारांची होती. तिच्यासाठी गास्पार सान्झ आणि रोबेर द व्हिझे यांनी फार गोड लिहून ठेवलंय. बाखनं मात्र तिच्यासाठी काहीच लिहिलं नाही.

पण बाख स्वतः काय करत होता ते पाहा. व्हायोलिनच्या तिसऱ्या पार्टिटाचा (पार्टिटा किंवा सूट म्हणजे नृत्यांच्या चालींची मालिका) प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, त्यानं १७३१ च्या एका कॅन्टाटात, म्हणजे गायकांसाठीच्या मोठ्या रचनेत, ऑर्गनला दिला, मागे ऑर्केस्ट्रा उभा केला आणि पट्टीही बदलली. तोच पार्टिटा पुढे BWV १००६अ म्हणून पुन्हा लिहिला (BWV म्हणजे बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक). सेलोचा पाचवा सूट ल्यूट या छेडून वाजवायच्या जुन्या तंतुवाद्यासाठी मांडला, तो BWV ९९५. त्याचं बाखच्या हस्ताक्षरातलं हस्तलिखित ब्रसेल्सच्या रॉयल लायब्ररीत आहे. BWV ९९८ वर तर त्यानंच ल्यूट किंवा हार्पसिकॉर्ड (तारा छेडणारं जुनं कळवाद्य) असा पर्याय दिलाय. त्याच्या मृत्यूनंतर घरातल्या वस्तूंची यादी झाली, तिच्यात ल्यूटसारखा आवाज देणारी दोन कळवाद्यं निघाली. तेव्हा वाद्य बदललं की संगीत बाटतं, हे त्याच्या बाबतीत तरी मला पटत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. रचना दुसऱ्या वाद्यावर नेताना तिच्यात आपली भर किती घालायची?

सेलोचा पाचवा सूट आणि BWV ९९५ शेजारी ठेवून वाचले की बाखनंच दिलेलं उत्तर दिसतं. सेलोच्या सरबांदमध्ये, म्हणजे सूटमधल्या संथ नृत्यात, एकच ओळ आहे, कुठेही दोन स्वर एकत्र नाहीत. ल्यूटसाठी लिहिताना तो खाली खर्जाचे मोजके स्वर ठेवतो आणि थांबतो. सहा तारा हाताशी असताना मोकळ्या जागा भरून काढायचा मोह फार होतो. मी तो आवरते. सेलोच्या ओळीतली सुसंवादाची अर्धी बाजू ऐकणाऱ्याच्या कानात तयार होत असते. तिथे मी आयती कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, ठेवली तर त्याचं काम मी हिरावून घेतलं.

गिटारची अडचण उलट्या टोकाची आहे. वरचा स्वर चटकन विरतो, पण मोकळी खर्जाची तार छेडली की ती गुंजत राहते. पहिला सेलो सूट आम्ही डी मेजरमध्ये वाजवतो, सहावी तार डी पर्यंत उतरवून. बास, म्हणजे खालची खर्जाची ओळ, डी वरून पाचव्या तारेच्या ए वर गेला तरी खालचा डी बोलतच असतो, आणि बाखनं योजलेला पाया बदलून जातो. म्हणून ए वाजवताच अंगठा मागे नेऊन सहावी तार मिटवायची. श्रोत्याला हे दिसतही नाही. माझा रियाजाचा मोठा वाटा मात्र स्वर काढण्यापेक्षा स्वर मिटवण्यात जातो.

दुसरी तशीच गोष्ट ट्रिलची, म्हणजे शेजारचे दोन स्वर भराभर आलटून पालटून घेण्याची. एकाच तारेवर डाव्या हातानं घेतला तर तो पटकन मलूल होतो. म्हणून पुष्कळ गिटारवादक तो दोन तारांवर घेतात: वरचा स्वर एका तारेवर, खालचा शेजारच्या, आणि उजव्या हाताची बोटं आळीपाळीनं. दोन्ही स्वर एकमेकांवर रेंगाळतात आणि आवाज हार्पसिकॉर्डकडे झुकतो. सुरुवात वरच्या स्वरानं, नेमकी मात्रेवर. बाखनं १७२० मध्ये मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, जी वही सुरू केली तिच्यातल्या अलंकारांच्या तक्त्यात ट्रिल असाच दाखवलाय. तो वरचा स्वर बासशी घासतो आणि मग सुटतो. ती घासण चुकवली तर ट्रिलला अर्थच उरत नाही.

नृत्यांचे भाग दोनदा वाजतात. दुसऱ्यांदा मी अलंकार बदलते, जसा बंदिशीचा मुखडा दर आवर्तनात थोडा वेगळा येतो. पण सरबांदचा दुसऱ्या मात्रेवरचा भार हलला नाही पाहिजे, अलंकार कितीही सुंदर सुचला तरी.

स्पॅनिश गिटारवादक आन्द्रेस सेगोव्हियानं १९३५ मध्ये पॅरिसला बाखचा व्हायोलिनसाठीचा शाकोन, म्हणजे त्याच्या दुसऱ्या पार्टिटाचा शेवटचा मोठा भाग, गिटारवर वाजवला आणि या सगळ्याला मोठ्या मंचावर जागा मिळाली. ते ऋण मोठं आहे. तरीही त्याचं भरगच्च रूप मी घेत नाही. व्हायोलिनच्याच प्रतीवरून, अगदी थोडा बास घालून वाजवते. सुरुवातीच्या कॉर्ड व्हायोलिनच्या गजाला फोडून घ्याव्या लागतात, गिटारवर त्या एकदम लागतात. म्हणून मीही त्या किंचित उलगडून घेते. त्या ओढाताणीतच त्यांचा जोर आहे.

काही रचना गिटारवर आणूच नयेत, असंही माझं मत आहे. बाखच्याच काळातला ड्रेस्डेनचा ल्यूटवादक सिल्व्हियस लिओपोल्ड वाइस, त्याचे बरेच सूट तेरा जोडतारांच्या ल्यूटवरच्या खोल खर्जावर उभे आहेत. तो खर्ज सप्तक वर घेतला की चालीतली उतरण मध्येच मोडते. ते मी ल्यूटवरच ऐकते.

पटत नसेल तर एक करा. पाचव्या सूटचा सरबांद आधी सेलोवर ऐका, मग BWV ९९५ मधला ल्यूटवर आणि शेवटी गिटारवर, ए मायनरमध्ये. तिन्ही एकाच बैठकीत.