मावशीच्या वहीतलं वाक्य

मावशीच्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या शेजारी, एक दोनशे पानी वही असते. कॉम्प्युटरबद्दल मी जे जे सांगते ते ती तारीख घालून त्यात लिहून ठेवते. गेल्या महिन्यात तिचं मशीन तपासायला बसले आणि पासवर्डसाठी वही उघडली. एका पानावर लाल शाईने चौकट केलेलं वाक्य होतं: "लाल खिडकी आली की घाबरू नये. खालचं दुसरं बटण, 'तरीही चालू द्या', दाबावं. काही नसतं."

हे वाक्य माझं, अँटीव्हायरसच्या इशाऱ्याबद्दलचं. दोनेक वर्षांपूर्वी मी ते फोनवर, कामाच्या गडबडीत बोलले होते. ते त्या दिवसापुरतं होतं, एका फाइलपुरतं होतं. मावशीने मात्र तो नियम म्हणून उतरवून घेतला, कारण मी सांगितलं होतं.

मावशी एक छोटं वाचनालय चालवते, दोन हजारांच्या आसपास पुस्तकांचं. 2009 साली मी तिच्यासाठी व्हिज्युअल बेसिक 6 या प्रोग्रामिंग भाषेत एक प्रोग्राम लिहिला: पुस्तक, वाचक, कधी नेलं, कधी आणलं. तो आजही चालतो. मशीन विंडोज 7 चं, 2 जीबी रॅमचं, आणि कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत. तिला नवं काही नको आहे आणि तिच्या कामाला ते लागतही नाही. जुना कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना "एवढं जुनं कशाला वापरता" असं फटकन म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. काम नीट चाललेलं मशीन टाकून द्यायला काहीतरी कारण लागतं.

तर झालं असं होतं. एका सकाळी अँटीव्हायरसने स्वतःला अपडेट केलं आणि माझा प्रोग्राम उचलून क्वारंटाइनमध्ये टाकला. डेस्कटॉपवरचं चित्र पांढरं पडलं. मावशीचा फोन आला, "अगं, सगळी पुस्तकं गेली!" आवाज कापत होता. पंधरा वर्षांच्या नोंदी होत्या त्या. माझ्याही पोटात गोळा आला, पण क्षणभरच. नोंदी वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि तिला कुणी हात लावला नव्हता. उचलला गेला होता तो फक्त प्रोग्राम. क्वारंटाइन म्हणजे तरी काय, फाइल पुसत नाहीत, चालू शकणार नाही अशा रूपात बाजूला बंद करून ठेवतात. परत काढता येते. मी तिला बटणं सांगितली, प्रोग्राम उघडला, तिचा जीव भांड्यात पडला. आणि जाता जाता ते वाक्य बोलून गेले.

तो इशारा खोटा होता, यात शंका नाही. पण अँटीव्हायरसला माझ्या प्रोग्रामचा संशय का आला, हे मला नंतर नीट कळलं, आणि त्याची बाजूही समजली. फाइल लहान व्हावी म्हणून मी ती यूपीएक्स नावाच्या पॅकरने दाबून ठेवली होती. व्हायरस लिहिणारेही आपला कोड झाकायला असेच पॅकर वापरतात, त्यामुळे बंद गाठोडं दिसलं की तपासणारा आधी बिचकतो. दुसरं म्हणजे फाइलवर डिजिटल सही, म्हणजे ती कुणी बनवली हे पटवणारी खूण, नाही. आणि तिसरं, सगळ्यात चमत्कारिक: ही फाइल जगात फक्त एका मशीनवर आहे. आजचे अँटीव्हायरस फाइल किती जणांकडे आहे, किती दिवसांपासून दिसते आहे, हेही बघतात. लाखो लोकांकडे असलेली फाइल ओळखीची, मावशीची अनोळखी. त्यात मी दर सहा महिन्यांनी काहीतरी किरकोळ सुधारून नवी प्रत द्यायची. एक ओळ बदलली तरी फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली बोटाच्या ठशासारखी अक्षरमाला, पूर्ण बदलतो, म्हणजे ओळख पुन्हा शून्यावर. दर वेळी नवी लाल खिडकी. धोक्याच्या नावात 'जेनेरिक' किंवा 'ह्युरिस्टिक' असं काही असेल, तर समजायचं की अमुक व्हायरस सापडला असं त्याचं म्हणणं नाही, वागणूक किंवा ठेवण संशयास्पद वाटते एवढंच.

आता त्या पानाकडे परत येते. वही मिटली आणि अँटीव्हायरसमधली 'अनुमती दिलेल्या' फाइलींची यादी उघडली. पाच नोंदी. चार माझ्या प्रोग्रामच्या, वेगवेगळ्या प्रतींच्या. पाचवी माझी नव्हती. कुठल्याशा साइटवरून उतरवलेलं पीडीएफचं रूपांतर करणारं इन्स्टॉलर होतं ते, आणि सोबत ब्राउझरवर बसणारं एक उपद्रवी एक्स्टेंशन. अँटीव्हायरसने बरोबर अडवलं होतं. मावशीने वही उघडली होती, खालचं दुसरं बटण दाबलं होतं. "तूच सांगितलंस ना, काही नसतं," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, अगदी सहज.

नशिबाने नुकसान फार नव्हतं. शोधायचं पान बदललेलं, जाहिराती वाढलेल्या. "हल्ली नेट खूप बडबड करतं" असं ती दोन-तीनदा म्हणाली होती आणि मी हसण्यावारी नेलं होतं. पण त्या जागी फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं काही असतं, तर पंधरा वर्षांच्या नोंदी खरोखर गेल्या असत्या, आणि दार उघडायला मीच शिकवलेलं असतं. दोन रात्री मला झोप लागली नाही.

खोट्या इशाऱ्यांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा गेलेल्या फाइलींबद्दलच बोलतो. ते नुकसान मोठं असू शकतं, नाही असं नाही. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफीच्या 5958 क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 3 वरची एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची स्वतःची फाइल व्हायरस ठरवली. मशीनं पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागली, नेटवर्क गेलं, आणि नेटवर्कच नाही म्हटल्यावर दुरुस्ती एकेका मशीनजवळ जाऊन करावी लागली. सप्टेंबर 2012 मध्ये सोफोसच्या अँटीव्हायरसने तर स्वतःचाच अपडेटर संशयित ठरवला, म्हणजे चूक सुधारणारं अपडेट जिथून यायचं तीच वाट अडली. सप्टेंबर 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरने क्रोमसारखे ब्राउझर उघडले की धोका असल्याचे इशारे दिले होते. मोठमोठ्या कंपन्यांकडून हे होतं, पुढेही होत राहणार. रोज नवे नमुने येतात, ते ओळखायच्या व्याख्या घाईने लिहाव्या लागतात, आणि जगातलं प्रत्येक मशीन काही चाचणीला बसवता येत नाही.

या चुका निस्तरता तरी येतात. मावशीच्या वहीतलं वाक्य निस्तरायला कुणी अपडेट पाठवत नाही.

आणि जुन्या मशीनवर हे जास्त महागात पडतं, कारण तिथे इशारा हाच शेवटचा आडोसा उरलेला असतो. विंडोज 7 ची सुरक्षा अपडेट्स सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी 14 जानेवारी 2020 ला थांबली. त्यानंतर सापडलेली भोकं तशीच उघडी आहेत. अँटीव्हायरस ती बुजवत नाही, भोकातून आत आलेलं ओळखता आलं तर ओळखतो. मे 2017 मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आठवून बघा. ज्या दोषातून तो पसरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्या मशीनमध्ये तो नेटवर्कवरून आपसूक शिरला, कुणी काही उघडलं नाही की दाबलं नाही. शेवटी मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून, मुदत संपून तीन वर्षं झालेल्या एक्सपीलाही दुरुस्ती दिली. असे अपवाद गृहीत धरून चालत नाही.

मावशीच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात मात्र हिरवी खूण होती. "तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे." माझा खरा आक्षेप या हिरव्या खुणेवर आहे. आत जाऊन पाहिलं तर व्हायरसच्या व्याख्या रोज येत होत्या, पण प्रोग्रामची मूळ आवृत्ती कित्येक महिन्यांपूर्वी गोठली होती. विंडोज 7 साठी नवी आवृत्ती येणार नाही, हे कंपनीच्या साइटवर कुठेतरी खोल लिहिलं होतं. स्क्रीनवर अक्षर नाही. कंपनीला जुनी मशीनं सांभाळणं परवडत नसेल, हे मी समजू शकते. पण मग खूण पिवळी करा, चार साध्या वाक्यांत सांगा. माझा छोटा प्रोग्राम दिसला की पूर्ण स्क्रीन लाल करता, आणि खालची जमीन सुटली आहे तेव्हा हिरवं दाखवता?

मदत मागितली तेव्हाचाही अनुभव असाच. सपोर्टच्या चॅटवर पहिलं उत्तर आलं: अँटीव्हायरस काढून पुन्हा टाका. विंडोज 7 वर हा सल्ला डोळे झाकून ऐकू नका. 2019 पासून मायक्रोसॉफ्टची अपडेट्स शा-2 पद्धतीच्या सहीवर गेली, आणि विंडोज 7 ला ती सही ओळखायला आधी एक वेगळं अपडेट लागतं. जुन्या सीडीवरून बसवलेल्या मशीनवर ते नसलं, तर काढलेला अँटीव्हायरस पुन्हा बसेलच याची खात्री नाही. आधी ते अपडेट आहे का बघा, मग काढा.

आम्ही त्या दिवशी जे केलं ते सांगते. पाचही अनुमत्या काढून टाकल्या. ते एक्स्टेंशन आणि इन्स्टॉलर काढलं, पूर्ण स्कॅन लावला. माझा प्रोग्राम अर्थातच पुन्हा क्वारंटाइनमध्ये गेला. या वेळी मी तो नुसता परत काढला नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये काढला, विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिल या कमांडने त्याचा शा-256 हॅश काढला, आणि माझ्या मूळ प्रतीच्या हॅशशी ताडून पाहायला बसलो. मावशी स्क्रीनवरून एकेक अक्षर वाचत होती, मी कागदावर टिक करत होते. "सात... एफ... तीन... शून्य..." अर्ध्यात मी म्हटलं, पुरे, जुळतंय. तर म्हणाली, "थांब, पूर्ण करू." चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं तिने वाचली, चष्मा दोनदा पुसून. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते त्या फोनवरच्या "काही नसतं"ने कधीच आलं नव्हतं. तेव्हा तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता, या वेळी स्वतः पाहिलं होतं.

तोच हॅश व्हायरसटोटल या साइटवर शोधला. तिथे सत्तरच्या आसपास अँटीव्हायरस इंजिनांचं मत एकत्र दिसतं. (शक्यतो हॅशच शोधावा, फाइल चढवू नये. चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना मिळते, त्यामुळे खासगी कागदपत्रं तर मुळीच चढवू नयेत.) नऊ इंजिनं माझ्या प्रोग्रामला संशयित म्हणत होती, आणि प्रत्येकाने दिलेलं नाव वेगळं, मोघम. घरी येऊन मी तो यूपीएक्सशिवाय बांधला. ही प्रत मात्र चढवली, तिच्यात खासगी काही नव्हतं. नऊवरून दोन. त्या दोन कंपन्यांना खोटा इशारा कळवायच्या फॉर्मवर फाइल पाठवली, सोबत प्रोग्राम काय करतो ते चार ओळींत लिहिलं. एकीने तीन दिवसांत नाव काढलं.

मशीन आता इंटरनेटवर नाही. मी केबल काढली आणि वाय-फायचा पासवर्ड विसरायला लावला. वाचनालयाच्या नोंदींना नेट लागतच नव्हतं. मेल आणि बाकीचं सगळं मावशी टॅब्लेटवर बघते. तसाही क्रोम विंडोज 7 वर 2023 च्या सुरुवातीला 109 व्या आवृत्तीवर थांबलाय, त्यातून बँकेच्या साइटवर जाणं मला कधीच पटलं नसतं. नोंदींची फाइल दर रविवारी पेन ड्राइव्हवर घेतली जाते, आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कुठल्या मशीनला लावायचा नाही, असं मावशीने त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय. तुमच्याकडे विंडोज 10 असेल तर हा प्रश्न तुमच्याही दाराशी आला आहे. त्याची नियमित मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, घरगुती वापरासाठी जाहीर झालेली वाढीव मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची आहे, आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नसलेल्या मशीनला विंडोज 11 अधिकृतपणे मिळत नाही. आपलं कुठलं काम नेटशिवाय चालतं, याची यादी आत्ताच करून ठेवा.

वहीतलं ते पान मावशी फाडू देईना. "तारीख आहे त्यावर," म्हणाली. मग तिने त्यावर एक तिरकी रेघ मारली आणि समोरच्या पानावर लिहिलं: "लाल खिडकी आली तर काहीच दाबू नये. फाइलचं नाव आणि धोक्याचं नाव उतरवून घ्यावं, मग फोन करावा. खिडकीत फोन नंबर दिला असेल तर ती अँटीव्हायरसची नव्हे. तो नंबर लावू नये." शेवटची दोन वाक्यं तिनेच विचारून विचारून घातली. तिच्या मैत्रिणीला टॅब्लेटवर तसली खिडकी आली होती म्हणे.

दुसऱ्या कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. नेमका तिचाच अँटीव्हायरस मावशीच्या मशीनवर आहे. त्यामुळे तिथे एकच अपवाद ठेवलाय: पूर्ण फोल्डरला नाही, ड्राइव्हला तर नाहीच, त्या एका फाइलला. तिचा हॅश मावशीने वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतलाय, चार-चार अक्षरांचे सोळा गट पाडून. उत्तर आलं की तो अपवादही काढायचा, असं खाली लिहिलंय आणि तारखेची जागा मोकळी सोडली आहे.