निनावी जोडी

माझ्या जुन्या स्पीकरांच्या जोडीबद्दल दादा सहज बोलून गेला, हे कळतं मला. "म्हणजे कुणीतरी घरी बनवलेले. मग कंपनीचे नाहीतच ना?" एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या विषयाकडे वळला. माझं मात्र तिथेच अडलं. ज्या स्पीकरांपुढे मी इतक्या आनंदाने बसत होते, त्यांच्यापुढे काल बसवेना. आवाज तोच होता. मग नेमकं काय बिघडलं, ते शोधायला हे लिहितेय.

घेतले तेव्हा त्यांच्यावर नाव नव्हतंच. मागच्या बाजूला एके काळी चिकटवलेल्या कागदाचा पिवळा डाग, दोन साधे स्क्रू-टर्मिनल आणि समोर ताणून बसवलेलं कापड. ज्यांनी विकले त्यांना घर रिकामं करायचं होतं. किंमत इतकी कमी सांगितली की मी घासाघीसही केली नाही. त्याबद्दल मनात काहीतरी आहे, पण ते आज नको.

घेताना जे बघायचं ते सगळं बघितलं होतं. खोक्यावर बोटाने टकटक केलं तर आवाज घट्ट आला, पोकळ नाही. शंकू, म्हणजे हलून आवाज काढणारा पडदा, कापडावरूनच हळूच दोन्ही बाजूंनी दाबला, त्याच्यामागची तारेची कॉइल कुठे घासत नव्हती. दाबून सोडला की तो सावकाश जागेवर येत होता, म्हणजे पेटी बंद जातीची आणि अजून हवाबंद. अशा पेटीत आत कोंडलेली हवाच शंकूला स्प्रिंगसारखी मागे ढकलते. अमेरिकेतल्या एडगर विल्चर यांनी 1954 मध्ये याच तत्त्वावर एआर-1 हा स्पीकर काढला आणि लहान खोक्यातूनही खोल खर्ज काढता येतो हे दाखवून दिलं. शंकूच्या कडेचं रबर मऊ होतं. तिथे फोम असता तर एव्हाना त्याचा चुरा झाला असता. फोम पंधरा-वीस वर्षांतच कुजतो. रोध मोजायचा मीटर लावला तर आठ ओहमच्या स्पीकरला शोभेल असा सहा-सातच्या घरातला आकडा दिसला. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला तर दोन्ही शंकू एकाच दिशेला, बाहेर आले.

मग कितीतरी दिवस नुसतंच ऐकलं. बाईचा आवाज असा समोर उभा राहायचा की मी मान वळवून बघायचे. तेव्हा नाव जाणून घ्यायची घाईसुद्धा नव्हती. आता वाटतं, तिथेच थांबायला हवं होतं का? पण न उघडता मला राहवलंच नसतं.

आधी कापड काढून मोठ्या शंकूच्या चौकटीवर शिक्का शोधला. जुन्या अमेरिकन युनिटांवर, म्हणजे पेटीत बसवलेल्या आवाज काढणाऱ्या भागांवर, आकड्यांचा एक संकेत असतो, पुढे बनवणाऱ्याचा क्रमांक आणि मागे वर्ष नि आठवडा. 220 म्हणजे जेन्सन, 465 म्हणजे ऑक्सफर्ड, 137 म्हणजे सीटीएस. 220-6512 असं दिसलं तर जेन्सनने 1965 च्या बाराव्या आठवड्यात बनवलेलं. इथे तसं काहीच नव्हतं. शंकू नीट पाहिल्यावर जे दिसलं त्याने मात्र छाती धडधडायला लागली. काळसर, चकाकणारा, लेप दिलेला प्लास्टिकचा शंकू. बेक्स्ट्रीन! स्क्रू सोडवून युनिट उलटं केलं, चुंबकावर केईएफ या ब्रिटिश कंपनीचं लेबल शाबूत: बी110, एसपी1003. वरचं, तीव्र सुरांचं छोटं युनिट टी27, एसपी1032.

ही दोन नावं एकत्र वाचल्यावर ज्याच्या मनात एलएस3/5ए येणार नाही, त्याला या वेडाची लागणच झालेली नाही. बीबीसीच्या अभियंत्यांनी 1970 च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांतल्या अरुंद जागेत ऐकण्यासाठी घडवलेला तो इवलासा मॉनिटर, म्हणजे आवाज तपासायचा स्पीकर. त्यात हीच दोन युनिटं, हेच एसपी क्रमांक. रॉजर्स, स्पेंडॉर, चार्टवेल यांनी तो परवान्यावर बनवला. आज त्याच्या चांगल्या जोडीसाठी लोक काय काय देतात, ते मला माहीत आहे. खोटं कशाला बोलू, क्षणभर तेही मनात आलंच.

मग टेप घेतला. एलएस3/5ए बाहेरून साधारण 305 बाय 190 बाय 160 मिलिमीटर, आत जेमतेम पाच लिटर. माझ्या पेट्या आठ लिटरच्या जवळ जातात. टी27 भोवती जाड फेल्टची चौकट हवी, ती नाही आणि कधी असल्याची खूणही नाही. आत बीबीसीच्या क्रॉसओव्हरचा, म्हणजे खर्ज आणि तीव्र सूर दोन युनिटांत वाटून देणाऱ्या मंडलाचा, छापील बोर्ड असतो. इथे प्लायवुडच्या तुकड्यावर सुटे भाग स्क्रूने बसवलेले, तारेने थेट जोडलेले, आणि कॉइल हाताने गुंडाळलेल्या. केईएफ आपली युनिटं सुटीसुद्धा विकत असे. हौशी लोक ती घेऊन स्वतः पेटी बांधत. कुणीतरी तेच केलं होतं.

हे मी दादाला मोठ्या उत्साहाने सांगायला गेले, आणि त्यावर त्याचं ते वाक्य. वर सल्ला, युनिटं काढून विक, मूळ मॉनिटर दुरुस्त करणारे शोधतच असतात, खोकी टाकून दे. सल्ला चुकीचा नाही. बहुतेक लोक हेच करतात.

काल रात्री मला स्वतःची फार कीव आली. वाटलं, माझ्या हाताला नेहमी अर्धंच लागतं. आतली युनिटं नामवंत, पण वस्तू नामवंत नाही. ओळख पटली म्हणावी तर कशाची पटली? मनात दादाशी भांडलेसुद्धा. म्हटलं, व्हार्फडेल या ब्रिटिश स्पीकर कंपनीच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी 1932 मध्ये पहिला स्पीकर इंग्लंडमधल्या इल्कलीच्या आपल्या घराच्या तळघरातच बनवला होता. त्यांच्याकडे काम केलेल्या रेमंड कुक यांनी 1961 मध्ये केईएफ सुरू केली, तीसुद्धा केंटमधल्या एका फाउंड्रीच्या आवारातल्या पत्र्याच्या निसेन हटमध्ये. घरी बनवलेलं म्हणजे कमअस्सल, हे कुणी ठरवलं? मुद्दा बिनतोड होता, तरी खुपत होतं ते खुपतच राहिलं. ब्रिग्ज यांचं नाव राहिलं. माझ्या पेट्या ज्याने बांधल्या त्याचं नाव कुठेच नाही. मला दादाचं बोलणं लागलं की त्या अनोळखी माणसाच्या वतीने वाईट वाटलं, ते कालपर्यंत सांगता आलं नसतं.

आज सकाळी कपॅसिटर मोजायला म्हणून दोन्ही पेट्या पुन्हा उघडल्या. टी27 कडे जाणाऱ्या वाटेत त्याचा आवाज कमी करणारा एक रेझिस्टर आहे. उजव्या पेटीत तो 2.2 ओहमचा, डावीत 3.3 चा. एका जोडीत असा फरक असायला नको. नंतरची दुरुस्ती असेल म्हणून सांधे भिंगाखाली पाहिले. दोन्हीकडचं कथील सारखंच जुनं, तारेला दिलेली वळणं एकाच हाताची. म्हणजे हा फरक मुद्दाम ठेवलेला.

3.3 ला समांतर 6.8 जोडला की जवळपास 2.2 होतो. काही न कापता डाव्या पेटीत क्लिपने तेवढा जोड दिला, युनिट बसवलं आणि दोन्ही पेट्यांतून तोच आवाज देणारी, निवेदनाची एक मोनो ध्वनिफीत लावली. आवाज मध्येच उभा होता, पण "स" आणि "श" डावीकडे सरकत होते. शब्द एका जागी, त्याची धार दुसऱ्या जागी. क्लिप काढली आणि सगळं मध्यभागी एकवटलं. खोलीमुळे होत असेल म्हणून क्लिप पुन्हा लावून पेट्यांची अदलाबदल केली, तर ती धार त्याच पेटीबरोबर उजवीकडे गेली. डावं टी27 जन्मापासून किंचित मोठ्याने बोलतं. त्या माणसाने ते ओळखलं होतं आणि जेमतेम एका डेसिबलचा तो फरक मिटवून ठेवला होता. बीबीसीवाले हेच ट्रान्सफॉर्मरच्या वेगवेगळ्या टॅपवरून, म्हणजे जोडणीच्या जागा बदलून, करत. याने एका रेझिस्टरवर भागवलं. कदाचित एकेक रेझिस्टर लावून, पुन्हा पुन्हा खुर्चीत जाऊन बसत.

मीही आज तशीच उठबस केली. त्याच दोन युनिटांसमोर, त्याच एका डेसिबलसाठी. दुपारपर्यंत कालची कीव कुठल्या कुठे गेली. नाव नाही मिळालं. मिळणारही नाही. पण त्याला काय ऐकू येत होतं, ते मला नक्की माहीत आहे, आणि एखाद्या लेबलवरून तेवढं कळलं नसतं. पेट्या मोडायच्या नाहीत, हे ठरलं.

कपॅसिटर मात्र बदलावे लागतील. दोन आपल्या आकड्यापासून बरेच भरकटलेत. फिल्मचे महागडे लावायचा मोह होतो, पण त्यांचा अंतर्गत रोध जवळजवळ नसतो आणि टी27 चा आवाज वर चढेल. त्याने जुळवलेलं सगळं हलेल. म्हणून नवे इलेक्ट्रोलिटिकच, द्विध्रुवी, मोजून जोडी लावलेले. मग पुन्हा ती मोनो ध्वनिफीत. मागच्या बाजूला आतून एक चिठ्ठी चिकटवणार आहे: डावीकडे 3.3, उजवीकडे 2.2, मुद्दाम आहे, सारखं करू नये. दादाचा फोन आला की विकायचा विषय पुन्हा निघेलच. नाही म्हणणार. का, असं विचारलंच त्याने, तर रविवारी ये आणि क्लिप तूच लावून बघ, म्हणून सांगेन.