शिंपी खडू आणि सातवा मणका

एक्स-रे टेक्निशियनच्या कोर्सच्या पहिल्या वर्षी दिवाळीपर्यंत माझी 206 हाडांची नावं तोंडपाठ झाली होती. मनगटातली आठ हाडं तर झोपेतून उठवून विचारली असती तरी ओळीनं सांगितली असती. आणि त्याच मनगटाचा एक्स-रे मला रिपीट करावा लागला.

एक बाई घसरून पडल्या होत्या, अंगठ्याच्या बुडाशी दुखत होतं. चिठ्ठीवर स्कॅफॉइड व्ह्यू, म्हणजे अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मनगटातल्या हाडाचा एक्स-रे, लिहिला होता. मी तळहात पालथा, बोटं सरळ, असा ठेवला आणि एक्स्पोजर दिलं. इमेज बघून आमचे सीनियर टेक्निशियन सर म्हणाले, "यात स्कॅफॉइड आखडलंय. हात करंगळीकडं का वळवला नाहीस?" त्या वळवण्याचा अल्नर डेव्हिएशन हा शब्द मला पाठ होता, व्याख्येसकट. तरी हात सरळच ठेवला होता. मनगटाला किरणांचा डोस अगदी किरकोळ लागतो, हे खरं. पण तेवढाही त्या बाईंना माझ्यामुळं विनाकारण मिळाला आणि दुखरा हात पुन्हा वळवावा लागला. त्यांचा कळवळलेला चेहरा कितीतरी दिवस डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

दुपारी पेशंट संपल्यावर सरांनी मला स्वतःचाच अंगठा ताणून वर उचलायला लावला. बुडाशी दोन कंडरांच्या मधे खळगा पडतो, त्याच्या तळाशी स्कॅफॉइड. पुस्तकात त्याला अ‍ॅनाटॉमिकल स्नफबॉक्स म्हणतात. माझी आजी विड्या वळता वळता त्याच खळग्यात तपकीर घेऊन ओढायची. ते हाड मी लहानपणापासून बघत आले होते, फक्त नाव आणि जागा यांची गाठ पडली नव्हती.

त्या दिवसापासून अभ्यासाची पद्धतच बदलली. आई ब्लाउज शिवते, तिचा शिंपी खडू घेतला. जमिनीवर चादर अंथरून दहावीतल्या भावाला पालथं झोपवलं. मान वाकवल्यावर सगळ्यात वर येतो तो मानेचा सातवा मणका, सी-सेव्हन. तिथून बोटानं मोजत खाली आलं की खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाशी पाठीचा सातवा मणका. छातीचा पीए, म्हणजे पाठीकडून छातीकडं एक्स-रे, घेताना किरणांचं सेंटर तिथंच. कमरेवर दोन्ही बाजूंना हात ठेवले की इलियाक क्रेस्ट, म्हणजे कमरेच्या हाडाची वरची कड, त्या रेषेत कमरेचा चौथा मणका. भाऊ काटकुळा, त्याच्या अंगावर सगळं चटकन सापडायचं. आईच्या अंगावर सापडेना, तेव्हा कळलं की खरा सराव तिच्यावरच करायला हवा. अंगानं भरलेल्या माणसाचं हाड शोधायला बोट किंचित दाबावं लागतं. आणि दाबण्याआधी सांगावं लागतं, "इथं हात लावते हं."

फिजिक्सनं मात्र रडवलं. पहिल्या चाचणीत नापास झाले. इन्व्हर्स स्क्वेअर लॉ लिहून यायचा, पण गणित आलं की हात थांबायचा. एका रात्री लाइट गेली तेव्हा वडिलांनी टॉर्च भिंतीवर धरला. एका हातावरून उजेडाचं वर्तुळ लहान आणि झगझगीत, दोन हातांवरून मोठं आणि फिकं. अंतर दुप्पट झालं, उजेड चौपट जागेवर पसरला. मी तिथंच वही काढली. 100 सेंटिमीटरवरून एक्स-रे सोडणारी ट्यूब 180 वर नेली तर 1.8 चा वर्ग, म्हणजे 3.24 पट एमएएस (किरणांचं प्रमाण) लागणार. मग छातीसाठी एवढं लांब जायचंच कशाला? हृदय फुगलेलं दिसू नये म्हणून. हृदय पुढच्या बाजूला, म्हणून छाती इमेज पकडणाऱ्या डिटेक्टरला टेकवून किरण पाठीकडून सोडायचे. अॅनाटॉमी, पोझिशनिंग आणि फिजिक्स या तीन वह्या मी वेगवेगळ्या ठेवत होते. त्या रात्री त्यांची एक वही केली.

केव्हीपीचा, म्हणजे ट्यूबच्या व्होल्टेजचा, पंधरा टक्क्यांचा नियमही तसाच डोक्यात बसला. सत्तरवरून ऐंशीच्या आसपास गेलं की एमएएस निम्मा करता येतो. डोस घटतो, कॉन्ट्रास्ट थोडा मरतो. ट्यूबमधल्या ऊर्जेपैकी सुमारे 99 टक्के उष्णता होते, जेमतेम एक टक्का एक्स-रे. मे महिन्यातल्या सोलापुरात एक्स-रे रूमचा एसी बंद पडला की सर एवढे अस्वस्थ का होतात, ते तेव्हा उमगलं.

या कोर्सला येणाऱ्यांना टीएलडी बॅजबद्दलही सांगते, अंगाला किती किरण लागले ते मोजणारा बॅज. छातीवर, लेड एप्रनच्या आत, रोज लावा. आपल्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट डोसची मर्यादा आहे, आणि बॅज ड्रॉवरमध्ये पडला असेल तर आपल्याला किती लागलं ते कुणालाच कळणार नाही.

फेरपरीक्षा झाली, फिजिक्स निघालं. सध्या इंटर्नशिप चालू आहे. आमच्याकडं कन्नड, तेलुगू बोलणारे पेशंट रोजचेच. "श्वास ओढून धरा" एवढं तरी त्यांच्या भाषेत यायलाच हवं, नाहीतर फुप्फुसं अर्धी भरलेली येतात, मागच्या दहा बरगड्या मोजता येत नाहीत आणि पुन्हा रिपीट. मी शेजारच्या काकूंकडून शिकून घेतलं.

गेल्या आठवड्यात एक तेलुगू आजी आल्या, नऊवारीत, घाबरलेल्या. स्टँडला छाती टेकवली, खांदे पुढं घेतले, पाठीवर फऱ्याचं टोक बोटानं शोधलं. बटणाशी आले आणि म्हणाले, "ऊपिरि बिगपट्टंडि." आजींनी मान न वळवता गच्च श्वास धरला. स्क्रीनवर इमेज आली. मागच्या बरगड्या वरून मोजत आले. पूर्ण दहा होत्या.