हलव्याला काटा

आमच्या नाशिकची थंडी मोजायची ती निफाडवरून. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सकाळी पेपरात येतो, कधी सहा, कधी सात. तो आणखी उतरला की द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. आणि आमच्या घरात आई गोधडीतून तोंड बाहेर काढून विचारते, "निफाड किती रे?"

यंदा तिच्या या चौकशीमागे कारण होतं. नातीचं पहिलं बोरनहाण. सुनेने हलव्याच्या दागिन्यांचा सगळा संच बाहेर सांगून ठेवला होता. मुकुट, हार, वाक्या, कमरपट्टा, सगळं. आई एवढंच म्हणाली, "एक तरी दागिना घरच्या हलव्याचा हवा." तिचं वय चौऱ्याऐंशी. बोटं वाकडी झालीत, एका डोळ्याला धूसर दिसतं. मी तेव्हा गॅलरीत उन्हाला पाय पसरून बसलो होतो, मफलर, कानटोपी, हातात चहा. घरातल्या तीन बायकांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस घरात सगळ्यात मोकळा दिसतो, हा आमच्या घरचा जुना समज आहे.

"तुमचे हात नाहीतरी भाजून निबर झालेत," ही म्हणाली.

माळ्यावरून परात काढली. पितळेची, जड, काठावर आजीचं नाव आणि १९५२ साल टोचलेलं. कल्हईवाला आता आमच्याकडे फिरकत नाही, तेव्हा चिंच-मीठ लावून मीच घासली. लहानपणी संक्रांतीच्या आधी आठ-दहा दिवस ही परात शेगडीवर असायची आणि आई पहाटे तिच्यासमोर बसलेली असायची. शेजारी आम्ही भावंडं, खाली पडलेला दाणा कधी मिळतो याची वाट बघत. ती काय करते हे मी कधीच नीट पाहिलं नव्हतं. लक्ष सगळं दाण्यावर.

"तीळ घे. दोन मोठे चमचे."

"एवढेच?"

"वाढतात ते. मूठभर घेतलेस तर पुढच्या संक्रांतीपर्यंत बसशील."

तीळ भाजायला ठेवले. आई आतल्या खोलीतून ओरडली, "तडतडले का?" एक-दोन उडाले असतील नसतील, मी म्हटलं, "हो, तडतडले." मला पाकाची घाई होती.

पाकाचं असं, की साखर बुडेल इतकं पाणी घालायचं, उकळी आली की दोन चमचे दूध सोडायचं. दुधाबरोबर मळी वर येते, ती काढून टाकायची आणि पाक फडक्यातून गाळायचा. मला वाटलं होतं आपली साखर पांढरीशुभ्र आहे, कसली मळी येणार. चांगला करडा फेस आला. पाक एकतारीच्या जरा अलीकडे ठेवायचा. बोटाला चिकट लागला पाहिजे, पण तार ओढली जाता कामा नये.

मग परात. गॅस बारीक केला तरी फार होतो, म्हणून खाली लोखंडी तवा आणि त्यावर परात. "हाताला सोसवेल इतकंच ऊन," असं आईचं माप. त्यात तीळ, त्यावर चहाचा अर्धा चमचा पाक, आणि लगेच बोटांनी फिरवायला लागायचं. बोटांच्या पोटांनी, तळवा न टेकवता. मी पहिल्यांदा जोर लावून चोळायला लागलो तशी आई काठी टेकत स्वयंपाकघरातच येऊन बसली.

"अरे, ग्रीस लावतोयस का? बाळाच्या टाळूवर तेल जिरवतात तसं फिरव."

पाक तिळांना लागतो, सगळे एकमेकांना चिकटतात, आता संपलं असं वाटतं. फिरवत राहिलं की मिनिटभराने आवाज बदलतो. ओलसर चपचप जाते आणि कोरडी खुळखुळ सुरू होते. तो आवाज आला की पुढचा अर्धा चमचा. त्याआधी नाही. इंजिन कानाने ओळखायची सवय आहे, त्यामुळे एवढं मला लवकर जमलं. पहिल्या दिवशी दीड तास हे केलं तेव्हा तिळांना चुना लावल्यासारखं दिसत होतं, बस. बोटांची टोकं लाल आणि गुळगुळीत.

वर पातळ फडकं घालून परात रात्रभर तशीच ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी माती झाली. सकाळी साडेसहाला बसलो होतो, बाहेर अंधारच. तेवढ्यात जुन्या सहकाऱ्याचा फोन, पेन्शनच्या कागदांबद्दल. एक हात परातीत, खांद्यावर मान वाकवून फोन, आणि पाक बाजूच्या शेगडीवर आटत गेला. बोलण्याच्या नादात अर्ध्याऐवजी दोन चमचे ओतले. क्षणात गोळा. फोडायला गेलो तर चिक्की. निम्मा ऐवज गेला. सुटे राहिलेले दाणे वेगळे केले, खाली साठलेली साखरेची पिठी चाळून काढली आणि उरलेल्यावर पुन्हा बसलो. चिक्की हिने चहाबरोबर खाल्ली आणि म्हणाली, "हेच करा, हे चांगलं झालंय."

तिसऱ्या दिवशी ढग आले. निफाड एकदम बारावर. परातीत पाक पडत होता, पण सुकायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागत होता, आणि दाणे नुसते गुळगुळीत गोल होत होते. साबुदाण्यासारखे. आईने एक उचलून डोळ्याजवळ नेला, मग बोटांत फिरवला, कारण तिला बोटांनीच जास्त दिसतं. "आज थांब. हवा पडलीय. थंडीने माणसाला काटा येतो तसा त्यालाही थंडीनेच येतो." हे वाक्य मी पन्नास वर्षं ऐकतोय आणि बायकांचं बोलणं म्हणून सोडून देतोय. गॅस बंद केला.

ती दुपार मग रिकामी मिळाली. गॅलरीत ऊन नव्हतं, तरी आम्ही तिथेच बसलो. पेपर पसरून दोन किलो मटार सोलले. सोलताना किती पोटात गेले ते विचारू नये. हिने नातीसाठी खणाची कुंची शिवायला घेतली होती, जुन्या खणाला आतून मऊ सुती अस्तर. हनुवटीखालची नाडी उजवीकडून येते की डावीकडून, यावर हिचं आणि आईचं अर्धा तास चाललं. संध्याकाळी तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या. त्या गरम गरम सोलायच्या, बोटं भाजत, सालांचा ढीग मध्ये. माझी बोटं आधीच भाजलेली, त्यामुळे माझा वेग सगळ्यांत जास्त होता. कोणी टीव्ही लावला नाही. लावायचं सुचलंच नाही.

चौथ्या दिवशी पहाटे पाणी इतकं गार होतं की तोंड धुताना शब्द फुटेना. गॅलरीचं दार मुद्दाम अर्धं उघडं ठेवलं. पाच-सहा चमचे गेले असतील. बोटांना काहीतरी वेगळं लागलं. बारीक, खरखरीत. दाढी न केलेल्या गालावरून हात फिरवावा तसं. दिवा जवळ घेतला, तरी खात्री होईना, म्हणून माझ्या पेटीतलं भिंग आणलं. त्याने मी बेअरिंगच्या गोळ्यांवरचे चरे बघायचो. आता त्याखाली हलव्याचा दाणा. सगळ्या अंगावर छोटी छोटी टोकं उभी राहिली होती, कुठे बोथट, कुठे टोकदार, पांढरी आणि कडेला थोडी पारदर्शक. मधे मधे खळगे.

"आई, काटा!"

"ओरडू नकोस. हात हलका ठेव, मोडेल."

काटा येतो कसा, याचा मी तेवढ्यात विचार करून घेतला. माझी समजूत अशी की दाण्यावर कुठेतरी कणभर उंचवटा असतो. फिरताना पाक त्याला आधी लागतो, आणि बाहेर आलेला म्हणून तोच आधी सुकतो. पुढचा थर पुन्हा त्याच्यावर. उंचवटा उंच होत जातो, खळगा मागे राहतो. कोरड्या गार हवेत हे झटपट होतं. हवा दमट असली की पाक सुकायच्या आधी पसरतो आणि सगळं सपाट करतो. म्हणजे आईचं म्हणणं बरोबर, फक्त मला ते वर्कशॉपच्या भाषेत कळायला एकसष्टावं वर्ष उजाडावं लागलं.

मुलाला फोटो पाठवला तर त्याने उलट जपानचा एक व्हिडिओ पाठवला. तिकडे कोन्पेइतो नावाच्या साखरेच्या गोळ्या मिळतात, हुबेहूब आपला हलवा, फक्त रंगीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथे नेलेला प्रकार, नावही पोर्तुगीज भाषेतल्या मिठाईच्या शब्दावरून आलेलं. मोठी तिरकी कढई गरम होत फिरते, माणूस वरून पाक घालत राहतो, आणि आठवडा-दोन आठवडे लागतात. मी आईला दाखवलं. तिने फोन लांब धरून पाहिलं. "कढई फिरते? मग माणूस काय करतो?" आणि फोन परत दिला.

पाचव्या दिवशी भर. दाणे आता वाढले होते, त्यामुळे अर्ध्याऐवजी पूर्ण चमचा चालत होता. हिशेब केला तर पाच दिवसांत अर्धा किलो साखर संपली आणि चमचा दोनशेच्या वर वेळा पडला. निघालं काय, तर एक मध्यम बरणी, तीही गळ्यापर्यंत नाही. बाजारात याच्या दुप्पट हलवा कितीला मिळतो ते मला माहीत आहे. कुणी सांगू नये.

दागिना गुंफणं हे तर करण्याहून किचकट. हलव्याला भोक पाडता येत नाही, फुटतो. दोऱ्याचा फास करून एकेक दाणा त्यात अडकवायचा आणि गाठ आवळायची. जास्त आवळली तर काटा मोडतो, सैल राहिली तर दाणा घरंगळतो. आई गाठ घालू शकत नव्हती, पण दाणे निवडून देत होती, एकसारख्या मापाचे, चाचपून. ही गाठी मारत होती. माझ्याकडे निखळलेले दाणे गोळा करण्याचं काम, म्हणजे लहानपणचंच. फरक एवढाच की आता ते तोंडात टाकायला बंदी होती. दोन संध्याकाळी लागल्या आणि दोन बांगड्या झाल्या. एक तरी म्हणता म्हणता दोन.

मधे भोगी येऊन गेली. 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणत आई सगळ्यांना वाढत होती. वांगी, गाजर, वालपापडी, सोलाणे घातलेली भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. त्या दिवशी मी चार भाकरी खाल्ल्या, एवढंच सांगतो.

बोरनहाण रविवारी झालं. नात अकरा महिन्यांची. काळं झबलं, डोक्याला खणाची कुंची, सुनेने आणलेले दागिने आणि मनगटांत आमच्या बांगड्या. कुंचीवर मुकुट बसेना, म्हणून कुंची काढली, मग गार वारा लागेल म्हणून पुन्हा घातली, शेवटी मुकुट तिच्या बाबाच्या डोक्यावर गेला. वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि हलवा ओतला तेव्हा ती रडली नाही. एक बोर उचलून टक लावून बघत बसली. सोसायटीतली पोरं मात्र अशी तुटून पडली की फोटोत नुसत्या पाठी आल्यात.

सगळे गेल्यावर मी बरणीतला एक दाणा आईच्या हातावर ठेवला. इतके दिवस तिने एकही खाल्ला नव्हता, दागिन्याआधी उष्टा करायचा नाही म्हणून. दात नाहीत, त्यामुळे चावायचा प्रश्न नव्हता. तिने तो गालात धरला आणि डोळे मिटून बसली. मी समोर खुर्चीवर. साखर विरघळायला बराच वेळ लागतो, पाच दिवसांचे थर आहेत. ही आत भांडी आवरत होती. आईची जीभ गालाच्या आत हळूहळू फिरताना दिसत होती. मग ती थांबली. दाणा संपून तीळ लागला असावा.

तिने एक डोळा उघडला.

"तडतडले नव्हते," ती म्हणाली.