विशाखापट्टणमला जाणार का? तुम्ही विचारलंत म्हणून

बाजारात, लग्नात, लेकीच्या शाळेच्या गेटवर, परवा तर सोनोग्राफीच्या रांगेतसुद्धा. "मग काय ठरलं तुमचं? जाताय की नाही?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचा, "सासूबाईंचं काय मग?" यांना हे कोणी विचारत नाही. यांना विचारतात, बायकोच्या मागून जायला बरं वाटेल का. मी दरवेळी बघू म्हणते आणि विषय बदलते, पण आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

नोकरी मला आलीय. कोळंबीच्या प्लांटमधली लॅब, पूर्ण जबाबदारी माझी. मी इथल्याच, रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या फिशरीज कॉलेजची, तेव्हापासून इथेच एमआयडीसीत मासळीच्या प्रोसेसिंग प्लांटला क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला. इथे १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, बोटी मिरकरवाडा बंदरात उभ्या, सोलणाऱ्या बायका घरी, आणि बंदी उठल्यावरही म्हाकूल किती येईल नि राणी मासा किती येईल ते कोणी सांगू शकत नाही. तिकडच्या समुद्रातही १५ एप्रिल ते १४ जून बंदी असते पण त्यांचा मुख्य माल व्हेनामी, म्हणजे तळ्यात वाढवलेली कोळंबी, ती बंदीवर अवलंबून नाही. बाहेर जाणाऱ्या मालात क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान असल्या बंदी घातलेल्या अँटिबायोटिकचा अंश सापडला तर कंटेनर परत येतो, ते शोधायचं मशीन त्यांच्याकडे स्वतःचं आहे, आम्ही इथे सॅम्पल बाहेर पाठवून रिपोर्टची वाट बघत बसतो. मला ते काम करायचंय. पगार जास्त आहेच, पण नुसता पगार असता तर मी इतका विचार केला नसता हे कोणी मानत नाही.

आणि हो, तिकडची नोकरीही दगडावरची रेघ नाही, माहितीय मला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचं टॅरिफ ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा आंध्रातल्या कोळंबीवाल्यांचं काय झालं ते मी रोज वाचत होते. आपली कोळंबी सगळ्यात जास्त घेणारा देश तोच.

आता सासूबाई. आपल्याकडे कोणी घर सोडून गेलं नाही असं एक तरी घर दाखवा. सासरे लालबागला गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर परत आले. तोवर सासूबाई इथे एकट्या, भात लावणी, म्हैस, पोरं, सगळं. सासऱ्यांना कोणी रस्त्यात अडवून विचारलं नाही की बायकोचं काय. मुंबईला पुरुष गेला की तो चाकरमानी, गणपतीला येतो, त्याचं कौतुक. इथे बाई निघतेय आणि सगळं बिऱ्हाड घेऊन निघतेय, घराला कुलूप लागेल, शिमग्याला पालखी आली की दार बंद असेल, तुम्हाला खरं ते टोचतंय. टोचणं चूक आहे असं मी म्हणत नाही. वाडीतली बंद घरं मलाही बघवत नाहीत. फक्त ते उघड बोला.

पण माझं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी आणि ते मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही.

लेकीच्या वेळी मला बत्तिसावा आठवडा होता. जुलै महिना, अंगणापलीकडचं दिसत नाही असा पाऊस. संध्याकाळी पाणी जायला लागलं. इथे डॉक्टरांनी तपासलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, बाळाला व्हेंटिलेटर लागू शकतो, आमच्याकडे आत्ता रिकामा नाही, पोटात आहे तोवरच कोल्हापूरला न्या. कोल्हापूर म्हणजे १३० किलोमीटर आणि मधे आंबा घाट. शेजारच्या वहिनी, त्यांना कोणी चला म्हटलं नव्हतं, गॅस बंद करून गाऊनवर ओढणी टाकून तशाच अँब्युलन्समध्ये चढल्या. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, वळणावरून मला कळत होतं कुठे आलो. ऑक्सिजनचा सिलिंडर दर खड्ड्याला लोखंडावर आपटायचा. मग घाटात गाडी थांबली आणि तो आवाज बंद झाला, फक्त टपावर पाऊस. दरड आली होती. पुढे दोन ट्रक नि एक एसटी, जेसीबी खालून यायचा होता. हे उतरून भिजत पुढे गेले. मला कळा सुरू झाल्या. वहिनी मोबाईलच्या उजेडात घड्याळ बघून कळा मोजत होत्या आणि मला सांगत होत्या, बराच वेळ आहे गं मधे, घाबरू नको. खोटं होतं ते, त्यांनीच नंतर सांगितलं. जेसीबी आला त्याच्या आधी एसटीतल्या माणसांनी उतरून फांद्या नि दगड ओढून एक चाकोरी मोकळी केली होती, कंडक्टर बॅटरी धरून उभा, आणि ट्रकवाल्यांनी मागे घेऊन आमची गाडी पहिली सोडली. मला यातलं काही दिसलं नाही, मला फक्त "घ्या, घ्या, अजून घ्या" ऐकू येत होतं. मलकापूर गेलं तेव्हा वहिनींनी पहिल्यांदा माझा हात सोडला, त्यांच्या मनगटावर माझ्या नखांचे वण होते. पहाटे लेक झाली, दीड किलोची. काचेच्या पेटीच्या भोकातून मला फक्त बोट लावायला दिलं.

आता मी पुन्हा पाचव्या महिन्यात आहे आणि डॉक्टर म्हणतात पहिलं लवकर झालंय म्हणजे याही वेळी धोका जास्त. म्हणून मला पोटच्या पोराला व्हेंटिलेटर शोधत घाट चढावा लागणार नाही असं गाव हवंय, आणि विशाखापट्टणम तेवढं मोठं आहे. आता इथेही सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, मिऱ्या-नागपूर हायवेचं काम चाललंय, सगळं मान्य. पावसाळ्यातला घाट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

पण तिकडे माझ्याबरोबर गाडीत कोण चढेल? रात्री लेकीला कोणाकडे टाकून निघू? तेलुगूत "दरड" काय म्हणतात तेही मला येत नाही. आधी मुंबई गाठायची, मग लोकमान्य टिळक टर्मिनसवरून रेल्वेने एका दिवसाहून जास्त प्रवास, तर आई कधी पोचणार? त्या रात्रीनंतर हॉस्पिटलात पडल्या पडल्या मी ठरवलं होतं की ही माणसं सोडून कुठे जायचं नाही, आणि त्याच आठवड्यात यांना म्हटलं होतं की या पोरीला इथे वाढवायचं नाही. दोन्ही वाक्यं माझीच, दोन्ही मनापासूनची. कॉलेजात असताना तर मी पहिली संधी मिळाली की निघणार म्हणायचे, तेव्हाच्या मला काय माहीत होतं म्हणा, पण तेव्हा मी लॅबबद्दल बोलायचे ते आजही खोटं वाटत नाही.

हे म्हणतात, तू म्हणशील तसं. मोटार रिवाइंडिंग कुठेही चालतं, मी बघेन. त्यांना वाटतं हा मोठा आधार आहे. मला ते वाक्य ऐकलं की एकटं वाटतं, कारण मग चुकलं तर माझं एकटीचं चुकणार. सासूबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, तिकडे वादळं येतात, मी येणार नाही. मी म्हटलं, हुदहुद २०१४ ला आलं, आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्गने दापोलीची झाडं ठेवली का? त्या म्हणाल्या, ते वादळ आपलं होतं. यावर मला उत्तर सुचलेलं नाही.

बाळंतपणाला मी बरंच आधी कोल्हापूरला मावशीकडे जाऊन राहणार, एवढंच पक्कं. कंपनी बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत थांबायला तयार आहे. तेव्हा परत विचारा, मला राग नाही. फक्त यांना नाही, मला विचारा, आणि सासूबाईंचं काय ते सासूबाईंना विचारा, त्या घरीच असतात.